हामार्तिया: चुकणं आणि लागणं

प्रश्न असा आला आहे: ट्रॅजेडीला ‘शोकांतिका’ म्हणावं की ‘शोकात्मिका’? आणि तिच्या नायकात एखादा दोष असावाच लागतो का?

पहिल्या भागाचं उत्तर झटपट देतो. ‘शोकात्मिका’ जास्त बरोबर. ग्रीकांच्या ट्रॅजेडीचा शेवट शोकातच व्हायला हवा असा दंडक नव्हता. युरिपिडीसच्या टॉरिसमधल्या इफिजिनियाच्या नाटकात बहीण सख्ख्या भावाला ओळखत नाही, त्याच्या बळीची तयारी चाललेली असते. एक पत्र वाचून दाखवताना ओळख पटते आणि दोघं निसटतात. अरिस्टॉटलने ‘पोएटिक्स’ या काव्यशास्त्रावरच्या ग्रंथाच्या तेराव्या प्रकरणात दुःखाच्या शेवटाची बाजू घेतली, पण चौदाव्यात सर्वांत वरचा क्रम दिला तो असल्याच कथानकाला. ‘अंत’ शब्दातच कोंबला की ही नाटकं दाराबाहेर राहतात. शिवाय ‘हीच तर खरी शोकांतिका आहे’ हे वाक्य टँकरच्या पाण्यापासून परीक्षेच्या निकालापर्यंत कशालाही चिकटवलेलं ऐकून कान किटले आहेत. त्रागोस म्हणजे बोकड आणि ओदे म्हणजे गाणं, ही व्युत्पत्ती सगळीकडे मिळते, तिच्यात शिरत नाही.

खरं बोलायचं आहे ते दोषाबद्दल. सोफोक्लिसच्या नाटकात नकळत बापाला मारणाऱ्या राजा इडिपसबद्दल ‘गर्व हा त्याचा हॅमार्शिया’ (ग्रीक उच्चार हामार्तिया), म्हणजे दोष, असं गाइडं सांगतात, व्याख्याते सांगतात, परीक्षेत त्याला गुणही मिळतात. हे साफ चूक आहे. अरिस्टॉटलचं वाक्य नीट वाचा. नायकाची दशा पालटावी ती त्याच्या दुष्टपणामुळे नाही, तर एखाद्या मोठ्या हामार्तियामुळे, असं तो म्हणतो. स्वभावाचा प्रश्न त्याने त्याच वाक्यात निकालात काढला आहे. मग पुढच्या शब्दात तुम्ही पुन्हा स्वभाव कुठून आणता?

हामार्तिया ज्या क्रियापदापासून आला ते हामार्तानेइन. होमरच्या रणांगणावर त्याचा अर्थ अगदी ठोस आहे: नेम चुकणं. ‘इलियड’च्या चौथ्या सर्गात प्रायमचा मुलगा अँटिफस एजॅक्सवर भाला फेकतो. एजॅक्सला तो चुकतो आणि ओडिसियसचा सोबती ल्यूकस प्रेत ओढून नेत असतो, त्याच्या जांघेत घुसतो. आठव्या सर्गात ट्यूसर हेक्टरवर बाण सोडतो. हेक्टर वाचतो आणि गॉर्गिथियन मरतो. हे चुकणं लक्षात घ्या. हत्यार वाया जात नाही, कोणाला तरी लागतंच, फक्त ज्याला लागायला नको त्याला लागतं.

आणि आता मला सर्वांत प्रिय असलेली गोष्ट. ग्रीकमध्ये नेम लागण्याचं क्रियापद आहे तिंखानेइन, आणि त्यातूनच तिखे म्हणजे नशीब हा शब्द आला. अरिस्टॉटल नायकाची घसरण सांगतो ती एफ्तिखियातून दिस्तिखियाकडे, सुदैवातून दुर्दैवाकडे. म्हणजे दैवाचे हे दोन्ही शब्द ‘लागण्या’चे, आणि मधलं कारण ‘चुकण्या’चं. सगळं वाक्यच नेमबाजीच्या मैदानावर उभं आहे, असं माझं ठाम मत आहे. मराठी माणसाला तर हे समजावून सांगण्याचीही गरज नाही. बाण लागतो, दगड लागतो, तशीच नोकरी लागते, लॉटरी लागते. नेम चुकतो, वाट चुकते, गाडी चुकते, गणितही चुकतं. आपलं ‘चुकणं’ प्राकृतातल्या ‘चुक्कइ’पासून आलं, आणि तिथेही अर्थ हुकण्याचा, मुकण्याचा आहे. ग्रीकांची ही जोडी आपल्याकडे रोजच्या बोलण्यात जिवंत असताना आपण इंग्रजी टीकेतून ‘दोष’ उसना आणला!

तो दोष इंग्रजीत तरी कसा शिरला? बुचरने ‘पोएटिक्स’च्या 1895 च्या भाषांतरात एका हामार्तियासाठी ‘चूक किंवा दुबळेपणा’ असे दोन शब्द घातले. दुसरा शब्द अरिस्टॉटलचा नाही, बुचरचा आहे, आणि घोटाळ्याला वाट तिथेच मिळते. बायवॉटरने 1909 मध्ये ‘निर्णयातली चूक’ लिहिलं. ते बरं, पण तेही पुरतं पटत नाही. इडिपसचा निर्णय कुठे चुकला? बापाला मारशील असं देववाणीने सांगितल्यावर त्याने कॉरिंथ सोडलं, कारण तिथला पॉलिबस आपला बाप अशी त्याची समजूत होती. माहिती होती तेवढ्यावर निर्णय चोखच होता. तिवाठ्यावर रथातल्या म्हाताऱ्याने डोक्यात पराणी हाणली, याने काठीने उलट तडाखा दिला. आपण कोणाला मारतोय, एवढंच ठाऊक नव्हतं. अरिस्टॉटलने नीतिशास्त्रात नेमकं हेच उदाहरण घेतलं आहे: मारणाऱ्याला समोर माणूस आहे हे कळतं, तो आपला बाप आहे हे कळत नाही. दशरथाचा शब्दवेधी बाण असाच. बाण अचूक होता, पाण्याच्या आवाजावरून हत्ती मानला आणि श्रावण गेला.

हामार्तियाचा ‘पाप’ हा अर्थ पुढचा. अलेक्झांड्रियात हिब्रू धर्मग्रंथ ग्रीकमध्ये आणताना पापाला हामार्तिया म्हटलं गेलं, आणि तोच शब्द नव्या करारात गेला. हिब्रूतल्या त्या पापाच्या धातूचाही अर्थ चुकणं असाच आहे. बायबलातल्या शास्ते या पुस्तकात 700 डावखुरे गोफणवाले येतात, केसावर नेम धरला तरी न चुकणारे. तिथे हाच धातू आहे. पण सोफोक्लिसच्या नायकाला चर्चच्या अर्थाने तोलणं म्हणजे काळाचा उलटा प्रवास.

ज्यांना अजून शंका आहे त्यांनी ‘पोएटिक्स’चंच पंचविसावं प्रकरण उघडावं. तिथे अरिस्टॉटल कवीच्या हातून होणाऱ्या हामार्तियाचे दोन प्रकार सांगतो. घोड्याचे उजवे दोन्ही पाय एकदम पुढे टाकलेले दाखवणं ही एक चूक. हरिणीला शिंगं नसतात हे माहीत नसणं ही चित्र ओळखू येत नाही इतकं वाईट काढण्यापेक्षा हलकी चूक. हरिणीला शिंगं काढणाऱ्या चित्रकाराचा हा स्वभावदोष, असं कोणी म्हणेल का?

काही मराठी अभ्यासक ‘प्रमाद’ वापरतात. मला तोही नको. त्यात ‘मद्’ आहे, बेसावधपणा आहे, आणि स्फिंक्स या राक्षसिणीचं कोडं सोडवणारा इडिपस थीब्ज नगरातला सर्वांत सावध माणूस होता. सरळ ‘चूक’ लिहा. शब्द लहान दिसतो म्हणून विद्वानांना तो पेलत नसेल तर अरिस्टॉटलचंच विशेषण जोडा: ‘मोठी चूक’.