नववा प्रश्न काढायला सांगतात? मी काय केलं असतं ते सांगते

तुमची पोस्ट वाचून राहवलं नाही. एम.ए. मानसशास्त्राचा लघुप्रबंध, विषय गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या नववीच्या मुलांमधलं नैराश्य, साधन पीएचक्यू-९, आणि शाळेत अभ्यास करायची परवानगी देणारं कार्यालय म्हणतं, "शेवटचा प्रश्न काढा, मग बघू." माझ्याही फाइलवर हाच अडथळा आला होता. सिनॉप्सिस, विषयमंजुरी हे तुम्हाला ठाऊकच असणार, त्यात जात नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: पीएचक्यू-९ ही नैराश्य मोजायची प्रश्नावली, तिच्यात गेल्या दोन आठवड्यांबद्दलचे ९ प्रश्न असतात, गुण ० ते २७. नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. कार्यालयाचं म्हणणं होतं, असं विचारलं तर मुलांच्या डोक्यात नको ते येईल. ही समजूत अभ्यासांनी खोटी ठरवली आहे, विचारल्यामुळे असे विचार वाढल्याचं आढळलेलं नाही. पण टेबलापलीकडच्या माणसाला हे कोण सांगणार? आणि सगळं तोंडी! "काढा" असं कागदावर कोणीच लिहून देईना. शाळा म्हणायची कार्यालयाचं पत्र आणा, कार्यालय म्हणायचं शाळेची संमती आणा, आणि एथिक्स कमिटीला (संशोधनात कोणाला इजा होणार नाही ना, हे तपासणारी समिती) दोन्ही हवं. तेवढ्यात चवथीची सुट्टी, मग सहामाही, मग दिवाळी. त्या चकरांत माझं अख्खं सत्र गेलं. अजून आठवलं की संताप येतो, कारण नकार दिला असता तरी मी दुसरीकडे गेले असते.

मात्र एक गोष्ट ठासून सांगते. त्या कार्यालयाने चुकीची मागणी केली, पण त्यामागे एक खरा प्रश्न दडलेला होता. एखाद्या मुलीने नवव्या प्रश्नावर "जवळजवळ रोज" अशी खूण केली, तर त्या दिवशी तिच्यापर्यंत कोण पोचणार? आपण निनावी फॉर्म वाटतो, संध्याकाळी कदंबा बसने घरी येतो आणि आठवड्याने एक्सेलमध्ये आकडे भरताना ती खूण पाहतो. तोवर ती मुलगी कुठली हेच कळायला मार्ग नसतो. माझ्या मते याची सोय नसेल तर नववा प्रश्न विचारायचा अधिकार आपल्याला नाही. गाइडना हे पटेलच असं नाही.

तेव्हा दोन वाटा. एक, पीएचक्यू-८ वापरा. तो नववा प्रश्न वगळून केलेला प्रस्थापित प्रकार आहे, गुण ० ते २४. साधन मोडल्याचा आक्षेप कोणी घेऊ शकत नाही. हे मला तेव्हा कोणीच सुचवलं नाही. दोन, नववा प्रश्न ठेवायचाच असेल तर फॉर्मवर कोड क्रमांक, कोडची यादी फक्त शाळेच्या समुपदेशकाकडे, फॉर्म गोळा झाल्याबरोबर तिथेच बसून नववं उत्तर तपासणं, आणि पुढे पाठवायची जागा आधी ठरवलेली (बांबोळीचं मानसोपचार रुग्णालय आयपीएचबी, शिवाय मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन टेलिमानस, १४४१६). ही व्यवस्था अर्जातच एका पानावर लिहा. आणि उत्तर धोक्याचं आलं तर गुप्तता मोडावी लागेल, हे मुलांना फॉर्म देण्याआधी सांगा.

चक्र तोडायचं तर एथिक्स कमिटीकडे "शाळेच्या परवानगीच्या अटीवर" सशर्त मंजुरी मागा. ते पत्र जोडून कार्यालयात अर्ज द्या आणि तुमच्या प्रतीवर शिक्का व आवक क्रमांक घेतल्याशिवाय उठू नका. माहिती अधिकाराचा अर्ज लगेच टाकू नका, आधी शाळेच्या हेडमास्तरांना विश्वासात घ्या.

पालकांची लेखी संमती हवीच, वर मुलाची स्वतःची सहमतीही. आयसीएमआरची (भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद) २०१७ ची संशोधन-नैतिकतेची तत्त्वं तसंच सांगतात. "पालकसभेत सांगून टाकू" हे मान्य करू नका. संमतिपत्र मराठीत द्या, सत्तरीत घरी वाचलं जाईल ते तेच. मुलांचं मात्र वेगळं: प्राथमिक मराठी किंवा कोंकणीतून, पाचवीपासून इंग्रजी, घरी बोलणं कोंकणी. म्हणून आधी चारपाच मुलांना फॉर्म मोठ्याने वाचायला लावा, अडखळतात तिथे खूण करा. नैराश्य आणि चिंतेच्या उपचारांवरच्या 'मानस' अभ्यासाचे लेखही वाचा (लॅन्सेट नियतकालिक, २०१०, डॉ. विक्रम पटेल यांचा गट). गोव्यातल्याच दवाखान्यांत केलेलं काम आहे.

३० मुलांवर भागवू नका. दोन गटांत मध्यम फरक (कोहेनचा डी ०.५) शोधायचा तर ८० टक्के पॉवरसाठी (म्हणजे फरक खरंच असेल तर तो सापडायची शक्यता) प्रत्येक गटात ६४ मुलं लागतात. आकडेमोडीसाठी एसपीएसएस सॉफ्टवेअरची चोरटी प्रत नको, त्याच कामाचं जामोवी फुकट मिळतं.

मी आता कॉलेजात शिकवते, पण नियम बदलतात, तुमच्या विभागात खात्री करून घ्या. आणि खरं सांगू का, सत्र हातातून निसटतंय असं दिसलं तर शाळा सोडा, अठरा पूर्ण झालेली कॉलेजची मुलं घ्या. पालक-संमतीचा टप्पा वाचतो. नवव्या प्रश्नाची व्यवस्था मात्र तिथेही करावीच लागेल.