मॅन्युअल बूस्ट कंट्रोलर घ्यावा की थ्री-पोर्ट सोलेनॉइड?

दोन्ही टर्बो गाडीचा बूस्ट, म्हणजे टर्बोने इंजिनात ढकललेल्या हवेचा दाब, आवरतात. ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) ट्यून करता येत असेल तर थ्री-पोर्ट सोलेनॉइडच (ईसीयूच्या हुकमावर चालणारा तीन तोंडांचा विद्युत व्हॉल्व्ह) घ्या. मॅन्युअल कंट्रोलर स्वस्त आणि साधा, पण तो गिअर, आरपीएम, तापमान काहीच बघत नाही.

बऱ्याच गाड्यांत मुळात टू-पोर्ट सोलेनॉइड असतो. वेस्टगेट (एक्झॉस्टला टर्बोला वळसा घालू देणारी झडप) उघडायला जाणाऱ्या दाबाचा थोडा भागच तो सोडून देतो, म्हणून नियंत्रण ढिलं. थ्री-पोर्ट तो दाब पूर्ण अडवू शकतो. वेस्टगेट जास्त वेळ घट्ट बंद राहतं आणि टर्बो लवकर फिरायला लागतो. हा फरक गाडी चालवताना खरंच जाणवतो.

मात्र वेस्टगेटच्या स्प्रिंगपेक्षा कमी बूस्ट कुठलाही कंट्रोलर धरून ठेवू शकत नाही. स्प्रिंग 7 पीएसआय (दाबाचं एकक) ची असेल तर 7 हा तळ. वरच्या आरपीएमला बूस्ट आपोआप चढत जात असेल, तर बहुतेक वेळा वेस्टगेटचं तोंड लहान पडतंय. तिथे सोलेनॉइड बदलून पैसे वाया जातील.

आणि कृपा करून जुन्याच मॅपवर (ईसीयूमधल्या इंधन आणि इग्निशनच्या सेटिंगवर) गाडी दामटू नका. ड्युटी सायकल (सोलेनॉइड किती टक्के वेळ चालू राहतो ते) कमी ठेवून सुरुवात करा, ईसीयूच्या लॉगमध्ये नॉक (इंधनाचा अवेळी, घातक भडका) आणि एअर-फ्युएल रेशो (हवा-इंधनाचं प्रमाण) बघत हळूहळू वाढवा. नळ्यांना क्लॅम्प लावा. वेस्टगेटची नळी निसटली तर बूस्टला लगामच राहत नाही.