नायटा परत परत येतोय, फॅमिली डॉक्टर की स्किनवाले?

दादा, तुम्ही लिहिलंय की जांघेतला नायटा फॅमिली डॉक्टरांच्या ट्यूबने आठवड्यात गेला, ट्यूब बंद केली की परत आला आणि आता कमरेपर्यंत पसरलाय, तर स्किनवाल्यांकडे जावं का. जा, या आठवड्यातच जा. माझं नाशिकच्या सातपूरला मेडिकल आहे, दोघांच्याही चिठ्ठ्या रोज हातात येतात म्हणून सांगतो.

आधी ती ट्यूब उलटी करून बारीक अक्षरं वाचा. क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, बेक्लोमेथासोन यातलं काही दिसलं तर ते स्टिरॉइड. त्याने खाज आणि लाली लगेच बसते पण नायट्याची बुरशी वाढतच राहते, चट्ट्याची कड पुसट होते, मग पुढच्या डॉक्टरला ओळखायलाही जड जातं. जांघेत बरेच दिवस लावली तर कातडी पातळ होऊन लालसर पट्टे पडतात आणि ते नंतर जात नाहीत हो. 2018 मध्ये सरकारने अशा बऱ्याच क्रीम शेड्यूल एचमध्ये, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकायच्या औषधांच्या यादीत टाकल्या, तरी लोक काउंटरवर येऊन "ती खाजेची ट्यूब द्या" म्हणतातच. मी देत नाही.

फॅमिली डॉक्टरांना नावं ठेवत नाहीये मी. ओपीडीत गर्दी, पेशंटला सेकंड शिफ्टला अंबडच्या कंपनीत पोचायचंय, खाज आजच थांबायला पाहिजे. एखादाच नवा चट्टा असेल तर साध्या अँटीफंगल क्रीमवर तेही बरं करतात. पण स्किनवाले शंका आली तर ब्लेडने कडेचा कोंडा खरवडतात, काचेवर केओएच नावाच्या रसायनाचा थेंब टाकून मायक्रोस्कोपखाली बुरशीचे धागे दिसतात का बघतात, कारण सोरायसिस नाहीतर एक्झिमाही असाच दिसू शकतो.

आणि खरा फरक औषध किती दिवस घ्यायचं याचा. हल्ली आपल्याकडे ट्रायकोफायटॉन इंडोटिनी नावाची बुरशी फार आहे, ती टर्बिनाफाइन या बुरशीच्या नेहमीच्या औषधाला बऱ्याचदा दाद देत नाही, म्हणून इट्राकोनॅझोल ही बुरशीवरची दुसरी कॅप्सूल लिहितात, ते पण महिना-दीड महिना, कधी त्याहून जास्त. कॅप्सूल जेवणानंतर लगेच घ्यायची, आणि ॲसिडिटीची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना आधी सांगा, तिच्यामुळे कॅप्सूल अंगी लागत नाही. लिव्हरचा किंवा हार्टचा त्रास असेल तर तेही सांगा. क्रीम चट्ट्याच्या बाहेर दोन बोटं लावायची आणि चट्टा गेला तरी साधारण दोन आठवडे चालू ठेवायची. इथेच सगळे सोडतात.

जाताना जुन्या ट्यूबा आणि चिठ्ठ्या पिशवीत घालून न्या. घरात अजून कोणाला खाज असेल तर त्यांनाही सोबत न्या, नाहीतर एकाच टॉवेलवरून परत तुमच्याकडे येईल.