सीजे-3बी जीपमध्ये एमडीआय डिझेल बसवलंय, आता क्लच कोणता घ्यावा?

तुमचा प्रश्न मला असा समजला: वडिलांची जुनी सीजे-3बी, मूळ पेट्रोल इंजिन काढून महिंद्राचं एमडीआय डिझेल इंजिन चढवलं, गिअरबॉक्स मात्र जुनाच तीन गिअरचा टी-90. रामटेकच्या गडावर चढताना क्लच घसरतो आणि दुकानदार विचारतो, "प्लेट जीपची देऊ की एमडीआयची?"

भाऊ, या प्रश्नाला 'ही' किंवा 'ती' असं उत्तरच नाही. इंजिन बदललेल्या गाडीत क्लच अर्धा इंजिनाचा असतो, अर्धा गिअरबॉक्सचा. क्लच प्लेटला दाबून धरणारी प्रेशर प्लेट इंजिनाच्या फ्लायव्हीलला आवळली जाते, म्हणून तिचा व्यास आणि बोल्टची भोकं फ्लायव्हील ठरवतं. क्लच प्लेट गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टवर सरकते, म्हणून तिच्या हबचे दाते गिअरबॉक्स ठरवतो. शाफ्टचं टोक क्रँकमध्ये ज्यात फिरतं त्या पायलट बुशला दोन्हीकडची मापं लागतात, बाहेरून क्रँकच्या भोकाचं, आतून शाफ्टच्या टोकाचं. ते बहुतेक वेळा लेथवर करूनच घ्यावं लागतं.

जुनं हरिकेन पेट्रोल इंजिन 2.2 लिटरचं, त्याला साडेआठ इंची क्लच पुरायचा. एमडीआय 2523 सीसीचं डिझेल आहे. ते कमी आरपीएमला जोर लावतं आणि त्याचे धक्केही जास्त असतात. म्हणून एमडीआयचं फ्लायव्हील, त्याच्याच मापाची प्रेशर प्लेट आणि त्याच व्यासाची पण टी-90च्या दात्यांचा हब असलेली प्लेट, अशी जोडी मी लावीन. तयार मिळाली नाही तर क्लच रिलायनिंगवाल्याकडून हब बदलून घ्या. हबमध्ये डॅम्पर स्प्रिंग हव्यातच. नाहीतर डिझेलची सगळी थरथर त्या जुन्या गिअरच्या दात्यांवर जाते.

सिरॅमिक बटणांची प्लेट कुणी सुचवली तर घेऊ नका. मी घेतली होती. पावसाळ्यात पेंचकडे काळ्या मातीत गाडी रुतली, पेडल सोडलं, एक चाक अचानक मुरमाला लागलं आणि मागची एक्सल शाफ्ट तुटली. साधी ऑरगॅनिक प्लेट अशा वेळी थोडी घसरली असती, जळकट वास आला असता, पण शाफ्ट वाचली असती. जुन्या जीपमध्ये सगळ्यात आधी हार मानणारा भाग क्लचच असायला हवा. तो बदलता येतो. टी-90चे गिअर शोधत फिरणं फार जिवावर येतं.

पण नवी प्लेट घेण्याआधी जुनी का घसरते, हे बघा. पेडलला साधारण एक इंच मोकळी चाल आहे का? नसेल तर क्लच सोडवणारं रिलीज बेअरिंग सतत टेकून राहतं आणि नवी प्लेटही घसरेल. क्रँकच्या मागच्या सीलमधून तेल येतंय का? आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे इंजिन आणि जुना गिअरबॉक्स जोडणारी अडॅप्टर प्लेट. बेल हाउसिंगचं (क्लचभोवतीच्या कवचाचं) मधलं भोक क्रँकच्या बरोबर मध्यावर आहे का, हे डायल गेजने तपासा. पाच थाऊपेक्षा (इंचाचे पाच हजारांश), म्हणजे 0.13 मिमीपेक्षा जास्त फरक दिसला तर आधी तो काढा. दर वर्षी प्लेट हबपाशी फाटते, बुश खाल्लं जातं, त्याचं मूळ बऱ्याचदा इथेच असतं, आणि दोष मात्र प्लेटच्या कंपनीला दिला जातो.

फ्लायव्हील ग्राइंड करून घ्या. नागपूरच्या हिंगणा एमआयडीसीकडे विचारा. त्याला पायरी असेल तर दोन्ही पातळ्या सारख्याच उतरवायला सांगा, नाहीतर दाब कमी पडतो. प्लेट बसवल्यावर हबच्या स्प्रिंग फ्लायव्हीलच्या बोल्टांना घासत नाहीत ना, हे हाताने फिरवून बघा.

पेडलची जुनी आडवी नळी एका बाजूने चासीला, दुसऱ्या बाजूने इंजिन-गिअरबॉक्सच्या जोडीला टेकलेली असते. डिझेल हललं की नळी हलते आणि क्लच सोडताना गाडी थरथरते. इंजिन पुढे सरकू नये म्हणून असलेली मूळ स्टे केबल अदलाबदलीत बरेचदा फेकली जाते. ती परत लावा, किंवा नळीऐवजी सरळ तेलाच्या दाबावर क्लच दाबणारा हायड्रॉलिक स्लेव्ह सिलिंडर बसवा.

इंजिन बदलाची नोंद आरसीवर आहे ना? मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 चा हा विषय आहे, नसेल तर आधी गिरीपेठच्या आरटीओत चौकशी करा.

गिअरबॉक्स उतरवला की फ्लायव्हीलच्या तोंडाचा व्यास, शाफ्टची जाडी आणि दात्यांची संख्या मोजून इथेच लिहा. मग कोणत्या गाडीची प्लेट बसेल ते बघू.