गोदाआजी विकू नका, भाड्यानं द्या

प्रश्न : वय ४३. साताऱ्यात राहते, बरीच वर्षं बाहुलीनाट्य करते. शाळा, वाचनालयं, बालमहोत्सव मिळून वर्षाला साधारण ८० प्रयोग होतात. प्रयोगाचे १२,००० मिळतात. दोन सहकाऱ्यांचं मानधन, डिझेल, डागडुजी वजा जाता ५,००० उरतात. मधूनच जाहिरातीचं किंवा चित्रपटाचं काम येतं, त्याचा भरवसा नाही. माझी ‘गोदाआजी’ ही बाहुली मुलांची फार लाडकी, निम्मे प्रयोग तिच्यामुळेच ठरतात. आता एक निर्मिती संस्था मुलांच्या मालिकेसाठी तिचे सगळे हक्क कायमचे ९ लाखांना मागतेय. चित्रीकरणात बाहुली मीच चालवायची, दिवसाला ६,५००, ‘अंदाजे’ ६० दिवस. त्यानंतर मात्र त्यांच्या परवानगीशिवाय तिला रंगमंचावर आणता येणार नाही. गाडीचं ३ लाख १० हजारांचं कर्ज ११ टक्क्यांनी बाकी आहे. ते फेडून उरलेल्या पैशांत वर्कशॉपसाठी २८ लाखांचा गाळा बुक करावा असं वाटतं. सध्या भाडं ९,००० आहे. एफडी १ लाख ८० हजार, पीपीएफ २ लाख ४० हजार. पतीची खासगी नोकरी, मुलगी नववीत. काय करू?

ताई, मालिका जरूर करा. गोदाआजी मात्र विकू नका.

आधी ९ लाखांतले हातात किती येतात ते बघू. प्रयोगांतून तुमचे वर्षाला ४ लाख उरतात. चित्रीकरणाचे ६० दिवस खरोखर मिळाले तर आणखी ३ लाख ९० हजार. एकूण ७ लाख ९० हजार. नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सध्या कर भरावा लागत नाही, म्हणजे तुमचा कर शून्य. त्यात हे ९ लाख एकाच वर्षात व्यवसायाचं उत्पन्न म्हणून आले, की आकडा १६ लाख ९० हजारांवर जातो आणि कर होतो साधारण १ लाख ४३ हजार. शिवाय खर्च वजा न करता वर्षाची एकूण जमा साडेबावीस लाखांच्या घरात जाते, सेवांसाठीची २० लाखांची मर्यादा ओलांडली जाते आणि जीएसटीची नोंदणी गळ्यात पडते. गोदाआजीचे प्रयोग बंद पडले तर उत्पन्न घटून कर थोडा कमी होईल, पण हातात येणार साडेसात ते आठ लाखच.

आता दुसरी बाजू. निम्मे प्रयोग तिच्यामुळे, म्हणजे ४० प्रयोग, म्हणजे वर्षाला २ लाख. विकून आलेले ८ लाख तुम्ही ७ टक्क्यांनी बँकेत ठेवलेत तर वर्षाला ५६,००० व्याज मिळेल. बाहुली तुमच्या हातात असताना २ लाख देते. चार वर्षांत ती विक्रीची सगळी रक्कम भरून काढते, आणि तुमच्यापुढे कामाची निदान पंधरा वर्षं आहेत. सगळ्या शाळा पाठ फिरवणार नाहीत, काही जण दुसरी बाहुली चालवून घेतील, हे मान्य. तरी हिशेब उलटत नाही.

कर्जाचंही तेच. ३ लाख १० हजारांवर ११ टक्क्यांनी वर्षाचं व्याज होतं सुमारे ३४,०००, आणि तेही हप्त्यागणिक उतरत जाणार. ते वाचवण्यासाठी २ लाख कमावणारी गोष्ट द्यायची? गाडी तुमचं सामान वाहते, स्वतःचा हप्ता स्वतः कमावते. तिच्याकडे ओझं म्हणून पाहू नका.

तुमच्या पत्रातली मला सगळ्यात खटकलेली गोष्ट म्हणजे संस्थेनं एकाच आकड्यात तीन वेगळी कामं बांधून टाकली आहेत. बाहुली घडवणं हे एक काम. ती चालवणं हे दुसरं. आणि ते पात्र वापरू देणं हा तिसराच व्यवहार. रंगमंचावर तिन्ही तुम्हीच करता, म्हणून तुम्हाला ती वेगळी दिसत नसतील. पडद्यावर ती वेगळीच असतात आणि तिन्हींचे पैसे वेगळे मागायचे असतात. मालिकेला एक बाहुली पुरत नाही. फोम आणि लॅटेक्स दिव्यांखाली लवकर खराब होतं, जवळच्या दृश्यांसाठी एक चांगली प्रत लागते, पळापळीसाठी दुसरी, डोळे-भुवया हलवायच्या तर तिसरी. या प्रती कोण करणार, किती रुपयांत? पत्रात याचा उल्लेखच नाही, म्हणजे ते तुमच्याच माथी येणार.

आपल्याकडे अर्धवटराव घ्या. य. के. पाध्ये यांनी घडवलेलं हे पात्र रामदास पाध्ये यांनी पुढे नेलं, आता तिसरी पिढी त्याच्यासोबत रंगमंचावर उभी राहते. रंगमंच, दूरदर्शन, कार्यक्रम, सगळीकडे अर्धवटराव एकच आणि तो पाध्यांचाच. अमेरिकेत बाहुलीकार जिम हेन्सन यांनी १९५५ मध्ये वॉशिंग्टनच्या एका वाहिनीवर छोटा कार्यक्रम सुरू केला, तेव्हापासून आपल्या बाहुल्यांची मालकी स्वतःकडे ठेवली. ‘मपेट्स’ नावाच्या या बाहुल्या डिस्नेकडे गेल्या त्या २००४ मध्ये, जगाला त्यांची किंमत कळल्यावर. कधीच विकू नये असं मी म्हणत नाही. तुमच्या बाहुलीची किंमत अजून कुणालाच माहीत नाही, अशा वेळी ती विकू नये.

मग संस्थेला काय सांगायचं? तीन वर्षांचा वापर-परवाना, फक्त या मालिकेपुरता, वर्षाला ३ लाख. तुमच्या हाती तेवढेच ९ लाख येतात. पण दर वर्षी उत्पन्न १० लाख ९० हजारांवर राहतं, कर शून्य, आणि जमाही २० लाखांच्या खाली. रंगमंचाचा हक्क तुमच्याकडे. खेळणी, दप्तरं, पुस्तकं निघाली तर त्याचा वेगळा करार आणि विक्रीत वाटा. बाहुलीच्या प्रतींचे पैसे वेगळे. ‘अंदाजे ६० दिवस’ याऐवजी किमान ४५ दिवसांच्या पैशांची हमी, आणि पैसे किती दिवसांत मिळणार याची तारीख. पडद्याच्या कामात दोन-तीन महिने पैसे अडकणं नेहमीचंच, त्याची तयारी ठेवा.

मालिकेमुळे तुमच्या प्रयोगांची मागणी वाढेल हे संस्था तुम्हाला सांगेल, आणि ते खरंही आहे. पण ती वाढलेली मागणी तुमच्या कामी येणार कधी? रंगमंच तुमच्याकडे राहिला तरच.

परवान्याला ते तयारच झाले नाहीत तर माझ्या मते सगळ्यात चांगला तोडगा असा : त्यांच्यासाठी एक नवीन पात्र घडवा आणि ते खुशाल कायमचं विका. तुमचं कसब त्यांना मिळेल, तुमची आजी तुमच्याकडे राहील.

कागदपत्रांचं थोडक्यात. कॉपीराइट कायद्यानुसार हक्क हस्तांतर लेखी लागतं. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर भारत. म्हणून ‘कायमस्वरूपी, जगभर, सर्व माध्यमांत’ हे शब्द मसुद्यात शोधा. चित्रीकरणाचा करार नोकरीचा नसावा, कारण नोकरीत केलेल्या निर्मितीवर पहिला हक्क मालकाचा असतो. गोदाआजीचं नाव आणि रूप ट्रेडमार्क म्हणून नोंदवा. व्यक्तीसाठी ऑनलाइन शुल्क एका वर्गाला ४,५०० आहे, मनोरंजनाचा ४१वा आणि खेळण्यांचा २८वा असे दोन वर्ग घेतलेत तर ९,०००. बाहुलीच्या प्रती ५० च्या वर कारखान्यात निघणार असतील तर आधी डिझाइन नोंदणीचं वकिलांना विचारा, नाहीतर कॉपीराइटचं संरक्षण हातचं जाऊ शकतं. वकिलाच्या फीत काटकसर करू नका.

गाळा आता नको. आजी विकली तरी कर आणि कर्ज वजा जाता तुमच्याकडे चार-पाच लाखच उरतील. उरलेल्या २३ लाखांवर १० टक्क्यांनी १५ वर्षांचा हप्ता होतो २४-२५ हजार. जून ते मार्च शाळा आणि मग सुट्टी, असं तुमचं वर्ष. एप्रिल-मेमध्ये हा हप्ता कुठून द्याल? ९,००० भाडं परवडतं.

परवान्याच्या पहिल्या ३ लाखांतून एफडी किमान सव्वातीन लाखांपर्यंत न्या. नोकरदाराला सहा महिन्यांची शिल्लक पुरते, तुमच्यासारख्यांना नऊ महिन्यांची हवी. मग विमा. हात डोक्याच्या वर धरून तासन् तास काम करणाऱ्या माणसाचा खांदा हेच त्याचं भांडवल. खांदा आखडला तर रंगमंच, मालिका, जाहिराती सगळंच एकदम बंद. तेव्हा कुटुंबाचा आरोग्य विमा १० लाखांचा (वैयक्तिक पॉलिसीवर आता जीएसटी नाही), आणि अपघात विमा असा घ्या ज्यात काम बंद पडलेल्या आठवड्यांची भरपाई मिळते. मुलीचं शिक्षण व्हायचंय, म्हणून साधा मुदत विमाही. उरेल ते पीपीएफमध्ये.

साहित्यासाठी पुन्हा कर्ज लागलंच तर कारागिरांसाठीच्या पीएम विश्वकर्मा योजनेत तुम्ही बसता का, ते सामायिक सेवा केंद्रात विचारा. त्यातल्या १८ व्यवसायांत बाहुल्या-खेळणी घडवणारे आहेत. पहिलं कर्ज १ लाख, व्याज ५ टक्के. गाडीचं कर्ज मुद्रा योजनेतलं असेल तर अडचण येऊ शकते, ते आधी तपासा.

आणि सगळं सांगूनही त्यांना कायमची विक्रीच हवी असेल, तुम्हालाही ती करावीशी वाटली, तर आकडा माझ्याकडे तयार आहे. वर्षाला २ लाख, १५ वर्षं, ७ टक्के व्याज धरून आजची किंमत होते सुमारे १८ लाख. कर भरून तेवढे उरायचे तर करारात २३ लाख हवेत. त्याखाली सही करू नका.