पंखावर कापड चढवण्याआधी

नाशिक

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

किटचे पैसे भरण्याआधी विचारलंस, हे फार बरं केलंस. मायक्रोलाइट, म्हणजे एक-दोन माणसांचं हलकं विमान, किटमधून घरी जोडता येतं का, असा तुझा प्रश्न. येतं. अंबडच्या वर्कशॉपमध्ये काम करून तुझ्या हाताला मापाची सवय लागली आहे, त्यामुळे कामाची मला चिंता नाही. चिंता वाटली ती तुझ्या शेवटच्या ओळीची: ‘सगळं एकटीनंच करायचं ठरवलंय.’ तेवढं करू नकोस.

पंखाचा सांगाडा एकदा कापडाखाली गेला की आतलं काही दिसत नाही. आपलं काम आपल्याला बरोबरच दिसतं. तिथं काय असायला हवं हे मनात पक्कं असतं आणि डोळे तेच बघून पुढे जातात. म्हणून कापड चढवण्याआधी प्रत्येक सांधा जाणत्या माणसाला दाखव. नाशिकमध्ये अशी माणसं शोधायला लांब जावं लागत नाही. ओझरच्या एचएएलमध्ये, म्हणजे हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात, आधी मिग आणि मग सुखोई ही लढाऊ विमानं बांधण्यात ज्यांची हयात गेली, असे निवृत्त फिटर आणि इन्स्पेक्टर इथेच राहतात. चार जणांकडे विचारलंस तरी पत्ता लागेल. मान देऊन बोलाव, येतील.

आले की ते आधी नट बघतील. बोल्टचे आटे नटाच्या बाहेर आले आहेत का, हे पहिलं. मग सांधा हलता आहे का. एलेरॉन (पंखांच्या मागच्या कडेची हलती फळी), एलिव्हेटर आणि रडर (शेपटीवरच्या आडव्या आणि उभ्या हलत्या फळ्या) यांच्या जोडण्यांत जिथं बोल्ट स्वतः फिरू शकतो, तिथं नुसता आत नायलॉनचं कडं असलेला नट चालत नाही, हळूहळू सुटतो. तिथं खाचांचा नट आणि त्यातून आरपार कॉटर पिन. टॉर्क रेंच, म्हणजे किती जोरानं आवळतोय ते मोजणारा पाना, पहिल्या दिवसापासून वापर. ३/१६ इंची बोल्टला साधारण २० ते २५ इंच-पाउंड एवढाच जोर लागतो. मोटारीच्या कामाला सरावलेला हात याच्या कितीतरी पुढे जातो आणि बोल्ट ताणला गेलेला बाहेरून कळतही नाही. अर्थात किटच्या मॅन्युअलमध्ये असेल तो आकडा शेवटचा.

एलेरॉनच्या केबल उलट्या जोडल्या गेल्यामुळे अनुभवी माणसांनीही जीव गमावले आहेत. स्टिक, म्हणजे कॉकपिटमधली चालवायची दांडी, उजवीकडे नेलीस की उजवं एलेरॉन वर आणि डावं खाली जायला हवं. तू कॉकपिटमध्ये बस, दुसऱ्याला पंखापाशी उभं कर आणि काय हललं ते त्याला मोठ्यानं सांगू दे. केबलला हात लागला की पुन्हा हेच, कितीही कंटाळा आला तरी.

इंधनाचं नीट समजून घे. आपल्याकडे पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि अशा विमानांत बसवतात त्या रोटॅक्स ९१२ इंजिनाला १० टक्क्यांच्या वर चालत नाही. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं, रबरी नळ्या आणि काही फायबरच्या टाक्या खराब करतं. घरी पाहायचं असेल तर काचेच्या उभट बाटलीत थोडं पाणी घे, पातळीवर खूण कर, वर पेट्रोल ओत, हलवून ठेव. पाण्याची पातळी चढलेली दिसली की ते इथेनॉल खाली उतरलेलं असतं. ॲव्हगॅस, म्हणजे विमानांचं पेट्रोल, या इंजिनाला चालतं, पण त्यात शिसं असल्यानं ऑइल लवकर बदलावं लागतं. हा खर्च आत्ताच हिशेबात धर.

आपलं शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर आहे. एप्रिलच्या दुपारी ४० अंशांत इथली हवा इतकी विरळ होते की विमानाला आपण १६०० मीटरच्या आसपास असल्यासारखं वाटतं. इंजिनाची ताकद घटते, धाव लांबते, चढ मंदावतो. कॅटलॉगमधले आकडे बहुधा समुद्रसपाटीचे आणि थंड हवेचे असतात, त्यांवर धावपट्टीची लांबी ठरवू नकोस. उन्हाळ्यात उडायचं ते सकाळी लवकर.

कागदपत्रांना कंटाळू नकोस. ओझरचा विमानतळ, नाशिकमधल्याच गांधीनगरचा लष्करी हवाई तळ, देवळालीचा तोफखाना, एवढं सगळं जवळ असताना शेतातली सपाट पट्टी बघून उडता येत नाही. डीजीसीएची, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची, नोंदणी आणि उड्डाणाची परवानगी दोन्ही हवीत. कांदिवलीच्या गच्चीवर विमान बांधणाऱ्या अमोल यादव यांना नोंदणी २०१७ मध्ये मिळाली आणि उड्डाणाचा परवाना २०१९ मध्ये. त्यांची चिकाटी मला फार मोठी वाटते.

बांधकाम चालू असतानाच उडवायला शीक, दुसऱ्याच्या विमानावर, प्रशिक्षकासोबत. तुझ्या विमानाचं पहिलं उड्डाण मात्र त्या जातीच्या विमानाचा हात असलेल्या वैमानिकाला करू दे. आणि ‘नुसती टॅक्सी करून, म्हणजे जमिनीवरच चालवून, बघते’ म्हणून वेगात पळवू नकोस. हलकं विमान मनात नसतानाही उचललं जातं आणि मग उतरवावंच लागतं.

मॅन्युअल आलं की रविवारी घेऊन ये. पंखाचं प्रकरण आपण दोघं आधी वाचू, पेटी त्यानंतर फोडू.

तुझा,
काका