ग्रँड कॅन्यनचं बिल भरायचं कोणी?

प्रश्न : ताई, मुलगी अमेरिकेत फिनिक्सला असते, तिथे जायचं म्हणतोय. पण ती म्हणते शटडाऊन लागलं, म्हणजे बजेटअभावी सरकारी कामकाज बंद पडलं, तर ग्रँड कॅन्यन पार्कचं काही खरं नाही, मागे एकदा राज्याने पैसे भरून उघडलं होतं. म्हणजे नक्की काय झालेलं?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : काका, मुलगी बरोबर सांगतेय. ऑक्टोबर २०१३ मध्ये अमेरिकेच्या संसदेत बजेट अडकलं आणि केंद्राचे नॅशनल पार्क बंद झाले, रेंजर (पार्कचे कर्मचारी) बिनपगारी घरी, आणि गेटबाहेरच्या टुसायान गावातली हॉटेलं ऐन सीझनमध्ये ओस, शेवटी गाववालेच म्हणाले वर्गणी आम्ही काढतो पण गेट उघडा! मग ॲरिझोनाने, म्हणजे पार्क ज्या राज्यात आहे त्याने, केंद्राशी करार केला, रोजचे ९३,००० डॉलर, सात दिवसांचे ६,५१,००० आगाऊ, आणि १२ ऑक्टोबरला पार्क उघडलं. गंमत म्हणजे राज्याला स्वतःची माणसं लावून चालवता येत नव्हतं, जागा केंद्राची ना, म्हणून पैसे राज्याचे आणि रेंजर केंद्राचेच. शेजारच्या यूटा राज्याने पण पाच पार्कं उघडली, न्यूयॉर्कने स्टॅच्यू ऑफ लिबर्टी. १६ तारखेला रात्री शटडाऊन मिटलं, न वापरलेल्या दिवसांचे पैसे तेवढे परत मिळाले, वापरलेल्यांचे मात्र लगेच नाही, आणि मला विचाराल तर हे अजबच, भाडेकरूने घरमालकाचं लाईटबिल भरायचं!

२०१८-१९ च्या ३५ दिवसांच्या शटडाऊनमध्ये तर बरीच पार्कं उघडीच ठेवली पण स्टाफ नाही, कचऱ्याचे डबे आणि संडास तुंबलेले. तेव्हा बुकिंग रद्द करता येईल असंच करा.